सड्यावरून डाउनलोड केलेले तेजोमेघ

एक्स-रेमध्ये चुंबकीय क्षेत्र दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मरत्या ताऱ्यांभोवतीच्या वायूवरच्या माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टचं नाव ऐकलं की लोकांना वाटतं ही पोरगी कुठल्यातरी फोटोत चुंबकाच्या रेषा बघत बसलीय. तसलं काही नाही हो. मला बघायला मिळाले ते फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, तेही मोजकेच, २००० साली टिपलेले, आणि त्यांच्याकडून एकच गोष्ट काढून घ्यायची होती, की उष्णता जिथे जायला हवी होती तिथे गेली का नाही. चुंबकीय क्षेत्र त्या "का नाही"मध्ये दडलेलं असतं.

विषय कसा मिळाला त्याला काही मोठी गोष्ट नाही. मॅडमनी यादी दिली, ब्लॅक होल आणि पल्सार वर्गातल्या मुलांनी पहिल्या पाच मिनिटांत उचलले, खाली उरलं होतं "तरुण ग्रहीय तेजोमेघ: एक्स-रे निरीक्षणं आणि चुंबकीय क्षेत्र". मला उलट बरंच वाटलं. चंद्रा ह्या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीचा डेटा काही महिने ज्याने वेळ मागितला त्याच्याकडे राहतो आणि मग सगळ्या जगाला फुकट, त्यामुळे सुट्टीत देवगडला घरी बसून काम होईल, असा माझा हिशोब. मॅडम म्हणाल्या, "घरी बसून कर, पण आकडा आणायचा. नुसता निबंध नको."

तर ग्रहीय तेजोमेघ म्हणजे काय ते थोडक्यात, नावात ग्रह असला तरी ग्रहांशी त्याचा संबंध नाही. सूर्यासारखा तारा म्हातारा होऊन फुगला की बाहेरचे थर सेकंदाला दहावीस किलोमीटरच्या संथ वाऱ्याने सोडत राहतो. मग आतला तापलेला गाभा उघडा पडतो आणि त्यातून सेकंदाला शेकडो ते हजारभर किलोमीटर वेगाचा पातळ वारा सुटतो, तो मागून येऊन आधीच्या संथ वायूवर आदळतो. हा दाबला गेलेला, चमकणारा वायू म्हणजे तेजोमेघ. क्वॉक, पर्टन आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी १९७८ मध्ये हे मांडलं. आदळल्यावर आतमध्ये तापलेल्या वायूचा बुडबुडा तयार होतो आणि तो एक्स-रे सोडतो. हा बुडबुडा खरंच आहे का हे नीट दाखवायला मात्र चंद्रा दुर्बिणीची वाट बघावी लागली, कारण त्याआधीच्या दुर्बिणींना एवढी बारीक नजर नव्हती. चंद्रा २३ जुलै १९९९ ला कोलंबिया यानातून गेली, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव तिला दिलंय, आणि तिचे आरसे अर्ध्या आर्कसेकंदापर्यंतचं (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग) वेगळं दाखवतात. तरुण तेजोमेघ आकाशात पाचदहा आर्कसेकंदांचे असतात, म्हणजे ही नजर नसेल तर नुसता एक ठिपका.

मी दोन निवडले, दोन्ही हंस तारकासमूहातले. पहिला बीडी+३० ३६३९, ह्याला कॅम्पबेलचा तारा पण म्हणतात, कारण डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी १८९३ मध्ये त्याची दखल घेतली. चंद्राने मार्च २००० मध्ये त्याच्याकडे पाच तासांहून थोडं जास्त बघितलं, आणि जोएल कॅस्टनर आणि मंडळींनी त्याच वर्षी निष्कर्ष छापला. दुसरा एनजीसी ७०२७, तो एदुआर स्तेफान यांनी १८७८ मध्ये शोधलेला, वयाने जेमतेम हजार वर्षांच्या आतबाहेरचा, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबात कालचं पोर. २०१९ मध्ये हेलियम हायड्राइड हा रेणू अवकाशात पहिल्यांदा सापडला तो ह्याच तेजोमेघात.

आता खरी गंमत. चंद्राचा डेटा उघडायला सियाओ नावाचं सॉफ्टवेअर लागतं, त्याच्याबरोबर कॅलिब्रेशनच्या फायलींचा गठ्ठा, तो काही जीबी. आमच्या घरात रेंज म्हणजे माडीच्या खिडकीत फोन टेकवून ठेवला तर दोन काड्या. मग सडा. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला जांभ्याचा मोठा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार आहे, तिथे फोरजी फुल्ल. संध्याकाळी लॅपटॉप पिशवीत घालून वर जायचं, करवंदीच्या जाळीशेजारी कातळावर बसायचं, हॉटस्पॉट लावायचा आणि तुटलेलं डाउनलोड जिथे तुटलं तिथूनच पुढे जोडणारी कमांड द्यायची. ही कमांड माहीत नसती तर प्रोजेक्ट तिथेच संपला असता. गुरं घेऊन परतणारे विचारायचे, "काय गो, लग्नाचा व्हिडिओ घालतंस काय?" मी हो म्हणायचे. तारा मरताना काय होतं हे सड्यावर उभ्या उभ्या समजावण्यापेक्षा लग्न सोपं.

मिरग लागायच्या आत सगळं उतरवून घेतलं ते बरं झालं, कारण पाऊस सुरू झाला की लाईट गेली ती गेलीच. इन्व्हर्टरवर एक लॅपटॉप आणि एक पंखा चालतो. त्यात आजोबांना पंखा हवा असतो. मग रात्री जेवणं आटपली, पंखा त्यांच्या खोलीत गेला की मी ओटीवर डासांच्या कासवछापशेजारी लिनक्सची काळी खिडकी उघडून बसायचे.

पहिलं काम, दुर्बिणीतून आलेला जुना डेटा आजच्या कॅलिब्रेशनने पुन्हा प्रोसेस करून घ्यायचा. ते एक स्क्रिप्ट करते, आपण चहा प्यायचा. मग हातात येते ती इव्हेंट फाइल. ह्या फाइलने मला जेवढी मजा दिली तेवढी नंतरच्या ग्राफने नाही दिली. ही काही चित्र नसते, ती यादी असते. एक ओळ म्हणजे एक फोटॉन: कधी आला, चिपवर कुठे पडला, ऊर्जा किती. वेळ मोजतात १ जानेवारी १९९८ पासूनच्या सेकंदांत. मी यादी सरळ वरून खाली वाचत गेले, अमुक सेकंदाला अमुक पिक्सेलवर एक आला, पुढचा काही सेकंदांनी दुसरीकडे. साध्या कॅमेऱ्यात प्रकाश पाण्यासारखा भरतो, इथे एकेक पाहुणा नाव सांगून आत येतो. बीडी+३० कडून ह्या पाच तासांत आले काही हजार. एनजीसी ७०२७ कडून तेवढ्याच वेळात नुसते काही शे. अख्ख्या तेजोमेघाबद्दल आपण जे काही बोलणार ते एवढ्या भांडवलावर, हे डोक्यात राहिलं की माणूस उगाच मोठं बोलत नाही.

मग डीएस नाइन नावाच्या प्रोग्राममध्ये चित्र उघडलं. ऊर्जा ०.३ ते २ केईव्ही (एक्स-रेची ऊर्जा मोजायचं एकक) ठेवली, बाकीची गाळली, कारण हा वायू मऊ एक्स-रेच सोडतो आणि वरचं सगळं पार्श्वभूमीचा कचरा. चंद्राच्या चिपचा एक पिक्सेल म्हणजे अर्धा आर्कसेकंद, त्यामुळे मोठं करून बघितलं तर बीडी+३० चा बुडबुडा म्हणजे दहाएक चौकोन रुंदीचा, मधे उजळ, कडेला विरत जाणारा. पिक्सेलच्या आतली जागा अंदाजाने काढायची एक युक्ती आहे, ती वापरली तर जरा मऊ दिसतं. त्याच्यावर हबलच्या चित्राची बाह्यरेषा टाकली तर एक्स-रे बरोबर त्या कवचाच्या आत बसले. तारा ठिपक्यासारखा वेगळा नाही दिसला, पोकळी भरलेली दिसली. कॅस्टनर आणि मंडळींनी हेच दाखवलं होतं, तरी आपल्या ओटीवर ते पुन्हा दिसणं वेगळं.

आजोबा पाणी प्यायला उठले होते, मागे उभे राहून म्हणाले, "ह्या काय गो?"

म्हटलं, "तारो मरताना वारो सोडता तो तापलेलो वारो, आजो. ह्याच्यात लोहचुंबक आसा काय ता बघूचा आसा."

"दिसता खय?"

"दिसना नाय."

"मगे दिसना नाय ता मोजतंस कित्याक?" आणि गेले झोपायला. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नंतर हाच प्रश्न जरा लांब वाक्यात विचारला.

स्पेक्ट्रम. इथे मी सगळ्यात जास्त अडकले आणि इथेच सगळा माल आहे, म्हणून जरा लांब सांगते. बुडबुड्याभोवती गोल काढायचा, बाजूला रिकाम्या आकाशात दुसरा, पहिल्यातून दुसरा वजा करायचा, आणि किती फोटॉन कुठल्या ऊर्जेचे ह्याचा ग्राफ शेर्पा नावाच्या प्रोग्राममध्ये फिट करायचा. मॉडेल दोन गोष्टींचं: तापलेला वायू किती अंशांना कसा चमकतो, आणि मधल्या वायूधुळीत त्यातलं किती गिळलं जातं. बीडी+३० च्या ग्राफवर ०.९ केईव्हीच्या आसपास ठळक उंचवटा आहे, तो निऑनचा. लोखंड असतं तर ०.८ च्या आसपास भर दिसायला हवी होती, ती नाहीये. आणि खाली ०.३७ ला कार्बनची रेषा असावी अशी जागा, पण धूळ जास्त गिळते ती नेमकी तिथेच आणि चिपची संवेदनशीलता पण तिथेच पडते, त्यामुळे कार्बन वाढवला की प्रोग्राम गिळणं वाढवतो, गिळणं कमी केलं की कार्बन कमी करतो, आणि दोन्ही वेळा फिट तितकंच चांगलं. ही ओढाताण मी किती रात्री बघितली विचारू नका. तापमान मात्र कसंही ढकललं तरी ०.२ केईव्हीच्या आसपासच परत येत होतं, म्हणजे वीस ते पंचवीस लाख अंश.

एक गोष्ट लक्षात आली ती सांगून ठेवते, पुढे कोणी हे करायला घेतलं तर उपयोगी पडेल. चंद्राच्या कॅमेऱ्यासमोरच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं एक पातळ थर साचत गेलाय, आणि तो नेमके मऊ एक्स-रे अडवतो. त्यामुळे ह्या कामाला २००० सालचा डेटा आजच्यापेक्षा सरस. लोक नवीन डेटाच्या मागे पळतात, इथे जुनं ते सोनं शब्दशः खरंय.

कार्बनचा प्रश्न माझ्या डेटाने सुटणार नव्हता, तो दुसऱ्यांनी सोडवून ठेवलाय. चंद्रा दुर्बिणीवरच एक जाळी आहे, ती एक्स-रे पसरवून रेषा सुट्या करते, आणि तिच्यातून बीडी+३० कडे सुमारे तीन लाख सेकंद बघितलं गेलं. २००९ मध्ये यू आणि मंडळींनी ते छापलं: ऑक्सिजनच्या मानाने कार्बन सूर्यापेक्षा १५ ते ४५ पट, निऑन पण तिप्पट-पाचपट, लोखंड कमी. हे प्रमाण आजूबाजूच्या तेजोमेघाचं नाही. हे आहे मधल्या ताऱ्याच्या वाऱ्याचं.

आता कोडं बघा. बीडी+३० च्या ताऱ्याचा वारा आज सेकंदाला सुमारे ७०० किलोमीटर. एवढ्या वेगाने आदळलं तर साध्या हायड्रोजनच्या वायूचं तापमान सत्तर लाखांच्या घरात जातं, आणि हा वारा हेलियम-कार्बनचा, जड, त्याचं तर पावणेदोन-दोन कोटींवर जायला हवं. आणि मोजलं तर वीसपंचवीस लाख. एवढी उष्णता गेली कुठे?

नेहमीचं उत्तर असं की बुडबुड्याच्या काठाला थंड तेजोमेघ चिकटून आहे, तापलेले इलेक्ट्रॉन तिकडे उष्णता नेतात, थंड वायू उकळून आत येतो, सगळं मिळून कोमट होतं. ह्याला उष्णतावहन म्हणा. पण असं झालं असतं तर बुडबुड्यात आता बराचसा वायू तेजोमेघाचा असायला हवा होता, आणि रसायन सांगतंय की तो नाहीये. म्हणजे काठावर कोणीतरी उभं राहून आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जाऊ देत नाहीये. चुंबकीय क्षेत्राचा संशय इथे येतो. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेला धरून हवं तेवढं धावतो पण रेषा ओलांडून जात नाही, आणि रेषा काठाला समांतर गुंडाळलेल्या असल्या की उष्णता काठापर्यंत येते आणि तिथून बाजूला वळते. आमच्या पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी जातं तसं, पाट नेईल तिकडे हवं तेवढं लांब, पण मेर, म्हणजे बांध, ओलांडून शेजारच्या आळ्यात नाही. आजोबांना हे दुसऱ्या दिवशी बागेत असताना सांगितलं तर ते म्हणाले, "मगे मेर केवढी ता सांग." बरोबर प्रश्न. मेर केवढी?

हा हिशोब मी पेनने वहीत केला, आणि सगळ्या प्रोजेक्टमध्ये मला आवडलेली गोष्ट हीच. बुडबुड्यात घन सेंटिमीटरला शंभरेक इलेक्ट्रॉन धरा, तापमान वीस लाख. इतक्या विरळ वायूत एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याशी टक्कर होईपर्यंत सरळ किती जाईल? आला पावणेतीनशे कोटी किलोमीटर. म्हणजे सूर्यापासून युरेनसपर्यंतचं अंतर, एका दमात. मग चुंबकीय क्षेत्र टाकलं, अगदी क्षुल्लक, एक मायक्रोगॉस (गॉस हे क्षेत्र मोजायचं एकक, मायक्रोगॉस त्याचा दहा लाखांवा भाग), म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा साधारण पाच लाखांवा भाग. त्यात तोच इलेक्ट्रॉन रेषेभोवती गिरक्या घेतो त्या वर्तुळाची त्रिज्या निघाली तीनशे किलोमीटर. सरळ रेषेत देवगड ते मुंबई! युरेनसपर्यंत जाणारा इलेक्ट्रॉन एवढ्याशा क्षेत्राने मुंबईच्या पुढे हलत नाही. मी दोनदा शून्यं मोजली. बरोबर होती.

म्हणजे उष्णता अडवायला क्षेत्र जवळजवळ काहीच लागत नाही, मायक्रोगॉसच्याही कितीतरी खाली गेलं तरी मेर टिकते. ही एका अर्थाने आनंदाची बातमी आणि दुसऱ्या अर्थाने वाईट, कारण जी गोष्ट इतक्या कमी क्षेत्राने होते तिच्यावरून क्षेत्र किती आहे ते कसं सांगणार? एक्स-रे सांगतात की मेर आहे आणि ती आडवी आहे. उंची सांगत नाहीत.

उंचीची वरची मर्यादा मात्र काढता येते. तोच तापलेला वायू बाहेर दाब देतो, चुंबकीय क्षेत्रालाही स्वतःचा दाब असतो, आणि दोन्ही सारखे कधी होतात ते काढलं तर उत्तर येतं एक मिलिगॉसच्या, म्हणजे हजार मायक्रोगॉसच्या, जरा वर. त्याच्याहून जास्त क्षेत्र बुडबुड्यात असतं तर आकार वायूने नाही, क्षेत्राने ठरवला असता, बुडबुडा आवळून एका अक्षावर लांब ओढला गेला असता. बीडी+३० चा बुडबुडा बऱ्यापैकी भरलेला, अंडाकृती दिसतो. तर मिलिगॉसच्या खाली. चुंबकीय क्षेत्राकडून लोक दोन कामं मागतात, एक उष्णता अडवणं आणि दुसरं तेजोमेघाला आकार देणं, आणि ह्या दोन कामांच्या मजुरीत निदान हजारपटीचा फरक आहे हे मला वाचलेल्या कुठल्याच परिचयात्मक लेखात असं समोरासमोर ठेवलेलं मिळालं नाही. मॅडमना हेच पान सगळ्यात आवडलं.

कोड्याचं उरलेलं अर्धं, म्हणजे उष्णता अडली तर मग वायू गार का, त्याला दोन उत्तरं देतात. एक, गाभा नुकताच उघडा पडला होता तेव्हा वारा कमी वेगाचा होता, चारशे किलोमीटरच्या वाऱ्याला हायड्रोजनच्या हिशोबाने वीसबावीस लाखच अंश येतात, आणि बुडबुड्यात भरलेला बराच वायू त्या जुन्या वाऱ्याचा. दोन, कार्बनने भरलेला वायू स्वतःच जास्त प्रकाश फेकून गार होतो. मला दोन्ही थोडी थोडी खरी वाटतात. फिटमध्ये त्यांना वेगळं करता येत नाही.

एनजीसी ७०२७ बद्दल थोडक्यातच लिहिते कारण फोटॉनच थोडे. तिथे एक्स-रे गोल नाहीत, एका बाजूला, वायव्येकडे जास्त उजळ, आणि ज्या दिशेने तेजोमेघातून वेगवान फवारे बाहेर पडलेत त्यांच्याशी जुळतात. हे वाचून लगेच "चुंबकाने आवळलेला झोत" असं लिहायचा मोह होतो. पण तो तेजोमेघ धुळीने गच्च आहे, धूळ सगळीकडे सारखी नाही, आणि जिकडे धूळ जास्त तिकडचे मऊ एक्स-रे वाटेतच खलास. धुळीचा नकाशा घेऊन दुरुस्ती केली तर एकांगीपणा कमी होतो, जात नाही. जेवढा उरतो तेवढ्यावर बोलायचं. मी एक परिच्छेद लिहिला.

क्षेत्राचा आकडा खरोखर मोजायचा तर एक्स-रे सोडून दुसरीकडे जावं लागतं. पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे मेसर, म्हणजे रेडिओतले नैसर्गिक लेझर समजा, त्यांच्या स्पेक्ट्रममधल्या रेषा चुंबकीय क्षेत्रात दुभंगतात, त्यावरून सरळ आकडा निघतो. २००६ मध्ये डब्ल्यू४३ए नावाच्या म्हाताऱ्या ताऱ्याच्या पाण्याच्या झोतात असं मोजून दाखवलं की झोत चुंबकीय क्षेत्रानेच आवळलाय. धुळीच्या कणांकडून येणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून, म्हणजे त्याच्या लहरी कुठल्या दिशेत थरथरतात त्यावरून, क्षेत्राची दिशा कळते, त्या पद्धतीने एनजीसी ७०२७ चा पण नकाशा झालाय. तरुण तेजोमेघांच्या आसपासचे हे आकडे मिलिगॉसच्या घरातले, आणि माझ्या वहीतली वरची मर्यादा पण मिलिगॉस, तेव्हा जरा छाती फुगली, नाही म्हणत नाही. उलट, मधल्या ताऱ्यांवरच किलोगॉसची क्षेत्रं सापडली असा दावा २००५ मध्ये झाला होता, तो पुढच्या मोजणीत टिकला नाही, आणि मूळ दावा करणाऱ्यांनीच २०१२ मध्ये डेटा नव्याने तपासून तसं छापलं. ह्या विषयात मला हा भाग फार आवडतो.

आणखी एक नकार आहे तो पण एक्स-रेचाच. तेजोमेघ व्हायच्या आधीच्या फुगलेल्या ताऱ्यांवर सूर्यासारखं चुंबकीय थैमान चालत असेल तर त्यांनी एक्स-रे सोडायला हवेत. टीएक्स कॅमेलोपार्डालिस आणि टी कॅसिओपिया हे दोन तारे एक्सएमएम-न्यूटन ह्या दुसऱ्या एक्स-रे दुर्बिणीने तपासले, २००४ मध्ये कॅस्टनर आणि सोकर यांनी लिहिलं की काही सापडलं नाही. त्यातल्या पहिल्यावर मेसरने क्षेत्र दिसलेलं असूनही. नोआम सोकर तर २००६ पासून ठामपणे सांगतात की क्षेत्र हा तेजोमेघाला आकार देणारा मुख्य कारागीर असूच शकत नाही, एकटा तारा एवढं फिरणं कुठून आणणार, मुळात जोडीदार तारा हवा. ब्लॅकमन आणि मंडळींनी २००१ मध्ये ताऱ्याच्या आतला डायनॅमो, म्हणजे क्षेत्र तयार करणारी वायूची घुसळण, पुरेल असं मांडलं होतं. माझं मत सोकरांकडे झुकतं. पण हे मत, निष्कर्ष नाही, आणि रिपोर्टमध्ये मी ते घातलं नाही.

काकांनी गणपतीत विचारलं, "अगं आपलं इस्रोचं एक्सपोसॅट गेलं ना, ते एक्स-रेचं ध्रुवीकरण मोजतं, मग त्याने बघ की." चांगला प्रश्न, १ जानेवारी २०२४ लाच गेलं ते. पण त्याच्यावरचं पोलिक्स हे उपकरण ८ ते ३० केईव्हीवर बघतं आणि माझे तेजोमेघ २ केईव्हीच्या आत सगळं संपवतात. शिवाय ध्रुवीकरणाला फोटॉन लाखांनी लागतात. तेवढ्यात आरती सुरू झाली म्हणून हे उत्तर काकांना मोदक खाताना मिळालं.

ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर कॉलेजची सहा इंची दुर्बीण घेऊन एका रात्री सड्यावर गेलो. हंस डोक्यावर होता. एनजीसी ७०२७ डेनेबपासून थोडा बाजूला, हिरवट, ताऱ्यापेक्षा किंचित जाड. बीडी+३० आल्बिरिओच्या जरा उत्तरेला, नुसता तारा, शेजारच्यांपेक्षा काही वेगळा नाही. माझी मैत्रीण म्हणाली, "हा? ह्याच्यासाठी तू पूर्ण पावसाळा घालवलास?" हो, ह्याच्यासाठी.

परीक्षेत बाहेरच्या सरांनी शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, "वरची मर्यादा एक मिलिगॉस. खालची?" मी म्हटलं, सर, खालची नाही. "नाही म्हणजे काढली नाहीत?" म्हटलं काढली, पण ती इतकी खाली येते की तिला मर्यादा म्हणण्यात अर्थ नाही, उष्णता अडवायला कुठलंही क्षेत्र पुरतं, फक्त ते काठाला आडवं हवं. त्यांनी वहीचं ते पान मागितलं, सूर्य-युरेनस आणि देवगड-मुंबईवाल्या ओळी वाचल्या, पेन्सिलीने एक शून्य तपासलं आणि विचारलं की इलेक्ट्रॉन शंभरऐवजी हजार धरले तर? टक्करीपर्यंतचं अंतर दहापट कमी होईल, सत्तावीस-अठ्ठावीस कोटी किलोमीटर, तरी तीनशेच्या पुढे कितीतरी. आणि वरची मर्यादा? दाब दहापट, क्षेत्र वर्गमुळाने, म्हणजे तीन-साडेतीन मिलिगॉस. ते म्हणाले, हे दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये हवेत, घनता नक्की माहीत नाही तर एकच आकडा देऊ नका. त्याच संध्याकाळी टेबल बदलून पीडीएफ पुन्हा पाठवली, हॉस्टेलच्या वायफायवरून.